काळ्या पिशवीच्या नोटिशीबाबत: आमच्या सोसायटीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, व्यवस्थापक समितीचे सदस्य
आणि तिन्ही विंगमधले सर्व सभासद व भाडेकरू,
ठाणे (पश्चिम)

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या फळ्यावरची नोटीस मी तीनदा वाचली. ‘सर्व सभासदांनी ओला कचरा काळ्या पिशवीत भरून, घट्ट गाठ मारूनच दाराबाहेर ठेवावा. विनापिशवी बादली आढळल्यास प्रत्येक वेळी रु. १००/- दंड आकारण्यात येईल.’ नाव कुणाचंच नाही. पण ८४ घरांत पिशवी न लावता बादली ठेवणारं घर एकच, सी विंगचा पाचवा मजला. त्यामुळे नोटीस सगळ्यांना आणि टपाल मला, असा प्रकार आहे. राग नाही. जिन्यात समोरासमोर बोलून दोघांचे आवाज चढण्यापेक्षा लिहिलंत हे बरं केलंत. मीही लिहूनच उत्तर देतो आणि हे पत्र सोसायटीच्या ग्रुपवरही टाकतो, म्हणजे ‘त्यांचं म्हणणं काय ते कळलंच नाही’ असं नंतर कुणी म्हणायला नको.

म्हणणं एका वाक्याचं आहे. आमच्या घरचा ओला कचरा मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधणार नाही. दंड लावलात तर भरीन. का बांधणार नाही, हे सांगायला मात्र जरा जागा लागेल.

आधी एक गैरसमज काढून टाकतो. ए विंगमध्ये कुणीतरी मला ‘ते पर्यावरणवाले’ म्हणाल्याचं कानावर आलं. मी पर्यावरणवाला नाही, पिशवीवाला आहे. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात मी १९ वर्षं पिशव्याच केल्या. हॉपरमध्ये प्लास्टिकचा दाणा ओतायचा, तो वितळून डायमधून वर फुगा निघतो, पार छतापर्यंत. तो वर नेऊन दाबायचा, रोल करायचा, मग छपाई, सीलिंग, कटिंग. फुगा एकसारखा चढायला लागला की मशिनजवळ उभ्या माणसाला जे बरं वाटतं, ते सांगून कळायचं नाही. मुलीच्या कॉलेजची फी, या सोसायटीतल्या घराचे हप्ते, सगळं त्या फुग्यातून आलेलं आहे. तेव्हा प्लास्टिकचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं करणाऱ्यांतला मी नव्हे.

तुम्ही नोटिशीत ‘काळ्या पिशवीत’ असा खास उल्लेख केला आहे. पिशवी काळीच का, असं कधी मनात आलं का? जुन्या पिशव्या वितळवून पुन्हा दाणा करतात तेव्हा त्यात लाल, हिरव्या, छापील, दुधाळ अशा सगळ्याच जातात. त्यातून जो रंग निघतो तो शेवाळलेल्या भिंतीचा. असली पिशवी कुणी हातात धरणार नाही. म्हणून त्यात काळा मास्टरबॅच, म्हणजे घट्ट रंगाचा दाणा, टाकतात. काळ्यात सगळं खपतं. आतला कचरा झाकायच्या आधी ती स्वतःलाच झाकत असते. यावर कुणी म्हणेल, म्हणजे जुन्याचंच नवं केलं, चांगलंच की. चांगलंच आहे, फक्त एवढंच की हा त्या प्लास्टिकचा बहुतेक शेवटचा जन्म. त्यात आपण कालवणाचं उरलंसुरलं भरून गाठ मारली की पुढचा जन्म नक्की नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी मी या सोसायटीत कुणाला सांगितलेली नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, गटारं तुंबली आणि सगळ्यांची बोटं पिशवीकडे वळली. त्यानंतर आपल्या राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशवीला मनाई झाली. आमच्या गाळ्यात त्यावर उपाय निघाला तो छपाईत. पिशवीवर ‘५१ मायक्रॉन’ असं छापायचं. जाडी मोजायच्या गेजमध्ये धरली तर ३० भरायची, कधी २८. गेज माझ्याच टेबलावर असायचं. माल तपासून सही करणारा मीच होतो आणि वर्षानुवर्षं मी ती सही केली. रात्री झोप लागत होती. कोणाचं काय बिघडलं, असंच वाटायचं.

मग २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आली आणि २३ जूनपासून अंमल सुरू झाला. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने कैद. जांभळी नाक्याच्या बाजारात पहिले पंधरा दिवस जो तो कापडी पिशवी काखेला मारून, जणू अख्खं ठाणं एकाच लग्नाला निघालंय. आमच्या शेठने गाळ्याला कुलूप लावलं. मी तेव्हा ५१ वर्षांचा. (हो, ५१. छपाईवाल्या देवाचा विनोद.) खरं सांगतो, त्या दिवशी मला ना गटाराचं वाईट वाटलं ना खाडीतल्या फ्लेमिंगोचं. नोकरीचं वाटलं. आणि संताप याचा आला की मी घरी बसलो तरी पिशव्या काही घरी बसल्या नाहीत. पालिकेची गाडी दिसली की गोणपाटाखाली, गाडी वळली की वर. पुढे केंद्राने जाडीची अट सप्टेंबर २०२१ मध्ये ७५ मायक्रॉनवर नेली, २०२२ च्या अखेरीस १२० वर. १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, काटे-चमचे, कान कोरायच्या प्लास्टिकच्या काड्या, मिठाईच्या खोक्यावरचं चकचकीत आवरण, हे सगळं बंद. कागदावर सगळं आहे. कोथिंबिरीची जुडी आजही कशातून घरी येते ते तुम्हीही बघताय. कायदा नको असं माझं म्हणणं नाही. पण कायदा मायक्रॉन मोजतो, आणि मायक्रॉन मोजणारा माणूस मीच होतो, म्हणून माझा त्या आकड्यावर भरवसा नाही.

नोकरी गेल्यावर दोनेक वर्षं मी शीळफाट्याकडच्या भंगाराच्या गोदामांत माल बघून घ्यायचं काम केलं. रिसायकलवाल्यांना फिल्म, म्हणजे पिशवीचं पातळ प्लास्टिक, लागते; कुठली चांगली, कुठली नाही, हे मला हाताला कळायचं. म्हणजे मला वाटायचं की कळतं. खरं कळायचं ते तिथे फतकल मारून बसलेल्या बायकांना. पिशवी मुठीत चुरगाळायची. कर्रकर्र वाजली तर एचएम, मऊ बसली तर एलडी, पॉलिथिनच्याच दोन जाती. शंका आली तर कोपरा काडीने पेटवायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर माल चालतो, नाकाला झोंबलं तर पीव्हीसी, फेक बाजूला. दिवसाला हजारो पिशव्या अशा हातांखालून जायच्या. त्या ढिगात दुधाची पिशवी धुतलेली आणि कोरडी आली तर तिला बासमतीचा मान. पाण्याच्या बाटलीलाही गिऱ्हाईक असायचं. वेफर्सची चांदीसारखी पाकिटं थरावर थर चिकटवलेली असतात, ती सुटी होत नाहीत, त्यामुळे ती वाऱ्यावर. आणि स्वयंपाकघरातून आलेली, आतून बुळबुळीत काळी पिशवी? तिच्यासाठी कुणी कंबर वाकवायचं नाही. ओल्या, खरकट्या फिल्मचा दाणा केला तर फुग्याला भोकं पडतात, वास जात नाही, मशिन दहा वेळा थांबवावं लागतं. मी स्वतः असा माल परत पाठवलेला आहे.

म्हणजे मेथीची देठं, जी आपसूक माती होणार होती, ती पिशवीत बांधल्यामुळे माती होत नाहीत. आणि पिशवी, जी एखादवेळ पुन्हा वितळली असती, ती देठांमुळे वितळत नाही. दोघांचं वाटोळं एका गाठीत. मग ते सगळं दूर कुठेतरी जातं. दिवा गावातल्या डम्पिंगचा धूर तिथल्या माणसांनी वर्षानुवर्षं छातीत घेतला. २०२३ मध्ये ते बंद झालं, मग कचरा टाकायला भंडार्लीचं नाव ऐकू यायला लागलं, डायघरचं आलं. आपल्या गच्चीवरून यातलं काहीच दिसत नाही. येऊरचे डोंगर तेवढे दिसतात.

एवढं सगळं ठाऊक असूनही मी त्यानंतरही दोन वर्षं काळी पिशवीच वापरत होतो, हेही लिहून ठेवतो. माहिती असणं आणि हात थांबणं यांत बरंच अंतर असतं.

माझा हात थांबला तो आपल्याच आवारात. दिवाळीनंतरचा आठवडा होता. मी पहाटे फिरून येत होतो, पावणेसात झाले असतील. पंप रूमच्या मागे कचऱ्यावर येणाऱ्या ताई गोणपाट अंथरून बसल्या होत्या आणि समोर आपल्या तिन्ही विंगच्या पिशव्या. पिशवी उचलायची, गाठ चाचपायची, नखाने ओढायची. आपण गाठी मारतो त्या साध्यासुध्या नसतात, वास येऊ नये म्हणून दोन-दोन पीळ देऊन मारलेल्या असतात. सुटली नाही की पिशवीच्या पोटात अंगठा खुपसून फाडायचं, मग आतलं हाताने चाळायचं. ओलं ह्या पिंपात, सुकं त्या गोणीत. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला साडीच्या काठाची चिंधी बांधलेली होती. परवा कुणाच्या तरी पिशवीत दिव्यांच्या माळेचा फुटका बल्ब होता म्हणे. मी शहाण्यासारखं विचारलं, ‘अहो, सोसायटीने हातमोजे दिलेत ना?’ त्यांनी मानेनेच पलीकडे दाखवलं. हातमोज्यांची जोडी पाइपवर टांगलेली होती, नवीकोरी.

‘हातमोज्यात गाठ सुटत नाही, काका,’ असं म्हणून त्यांनी पुढची पिशवी घेतली.

ती पुढची पिशवी आमची होती. ओळखली, कारण आमच्याकडे गाठ मी मारायचो आणि कारखान्यातल्या सवयीने गाठीचं टोक आत खोचायचो. असली गाठ सोडायला जास्त वेळ लागतो. मी तिथे उभा होतो आणि त्या ती गाठ सोडत होत्या. मला वर निघून येता आलं नाही आणि थांबवतही नव्हतं.

तुमच्यापैकी बहुतेक घरांत भांड्याला बाई असेल. आमच्याकडे आई असताना तिचा एक नियम होता: भांडी घासायला टाकताना खरकटं आपण काढायचं. ताटातली हाडं, मिरचीची देठं, भाताची शितं, सगळं आपल्या हाताने काढून, ताटावर पाणी फिरवून मग मोरीत. दुसरी बाई भांडी घासणार आहे, पैसे देतोय, हे खरं. पण आपलं उष्टं तिच्या बोटांना लागू नये. यात आईने पुण्य-पाप आणलं नाही की पर्यावरण आणलं नाही. माणसाने असं वागायचं असतं, बस्. त्या सकाळी मला कळलं की ताटाच्या बाबतीत पाळलेला नियम मी पिशवीच्या बाबतीत रोज मोडतोय. माझं खरकटं मी बांधून, वर गाठ मारून, तिच्या पुढ्यात टाकतोय.

माझं प्लास्टिक टाळणं ते एवढंच आहे. जग वाचवायच्या गोष्टी मी करत नाही, कारण हिशेब मला येतो. परवा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा काळ्या पिशव्या ठेवल्या: ६२ ग्रॅम. म्हणजे रोज एक धरली तर आमच्या घराच्या वर्षाला सव्वादोन किलो. जगात दरवर्षी ४० कोटी टनांहून अधिक प्लास्टिक तयार होतं. त्यात माझ्या सव्वादोन किलोंनी खाडीचं पाणी केसभरही हलणार नाही. अख्ख्या सोसायटीचं धरलं तर ३० हजार ६६० पिशव्या, १९० किलो. हा आकडा जरा बरा दिसतो, पण तोही समुद्रात खसखस. मला कुणी ‘तुमच्या एकट्याने काय होणार’ असं विचारलं तर मी म्हणतो, काही नाही होणार. आपण जिन्यात थुंकत नाही, तेव्हा कुठे ठाणं स्वच्छ होतं? तरी थुंकत नाही.

याच्या उलट टोकाला मी गेलो होतो, तेही सांगायला हवं. नवा मुसलमान जोराने बांग देतो म्हणतात, तसं माझं झालं होतं. भाचीच्या डोहाळजेवणाला हॉलमध्ये प्रत्येक पानाशेजारी पाण्याची छोटी बाटली ठेवलेली. मी यजमानांना बाजूला घेऊन पाच मिनिटं सुनावलं. बाटल्या उचलल्या गेल्या नाहीत, पण माणसं अवघडली आणि भाचीचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. रात्री दिवा मालवताना म्हणाली, ‘तुम्हाला नको तर तुम्ही नका वापरू. पण तुमचं नको-नको लोकांच्या पानात कशाला वाढता?’ त्यानंतर मी लोकांच्या पानात वाढणं बंद केलं. सोवळं जसं माणसाला माणसापासून तोडतं तसं प्लास्टिकचंही एक सोवळं असतं आणि ते अंगात यायला वेळ लागत नाही. म्हणून तुम्ही कुणी पिशवी सोडा असा माझा आग्रह नाही. फक्त माझ्यावर तिची सक्ती करू नका.

बायकोचीच आणखी एक गोष्ट. सुरुवातीला मी मोठ्या थाटात जाहीर केलं की दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्यायच्या. कोपरा कापताना तो तुकडा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीला लटकता ठेवायचा, कारण सुटलेला एवढासा त्रिकोण कुणाच्याच हाती येत नाही, तो सरळ गटारात जातो. सगळं मीच शिकवलं. महिनाभराने लक्षात आलं की सिंकपाशी उभी राहून रोज दोन पिशव्या उलट्या करून, धुऊन, टाइलवर चिकटवणारी ती आहे आणि चहा पीत तत्त्व सांगणारा मी आहे. म्हणजे पंप रूममागच्या ताईंचा भार कमी करून मी तो घरातल्या बाईवर टाकला होता. आता पिशव्या मी धुतो. पावसाळ्यात वाळता वाळत नाहीत आणि घरात आंबूस वास येतो, तेव्हा माझंही तत्त्व थोडं आंबतं.

आणि हो, बादली. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत देतो: दाराबाहेर असते ती आमची बादली प्लास्टिकची आहे. निळी, एका बाजूने उन्हाने पांढरी पडलेली. खारकर आळीतल्या चाळीत राहात होतो तेव्हा आईने बोहारणीला दोन जुन्या साड्या देऊन ती घेतली होती. त्याआधी नळावरून पाणी आणायचं ते पितळेच्या कळशीतून. रिकामी कळशीच कमरेला रग लावायची. ती बादली आली त्या दिवशी आईने ती भरून एका हातात उचलली आणि हसली, हे मला स्पष्ट आठवतं. प्लास्टिकने आपल्या घरातल्या बायकांचं ओझं हलकं केलेलं आहे. हे विसरून ‘पूर्वी सगळं कसं छान होतं’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आईच्या शेवटच्या वर्षात घरात डायपर, कॅथेटर, सलाइनच्या नळ्या, सगळं प्लास्टिकच होतं आणि त्याबद्दल मला तसूभर खंत नाही. २६ वर्षं चाललेली बादली आणि रात्री भरून सकाळी फेकलेली पिशवी, यांना एकाच नावाने हाक मारतो हीच चूक होते.

आता तुमच्या तक्रारी, कारण त्या खोट्या नाहीत. वास येतो, लिफ्टमध्ये पाणी ठिबकतं, उंदीर येतात. बरोबर. यावर मी जे करतो ते असं. भाजीपाल्याची सालं, चहाचा चोथा आधी सिंकमध्ये चाळणीत निथळत ठेवतो. वास कचऱ्याला कमी, त्याच्या पाण्याला जास्त असतो. बादलीच्या तळाला वर्तमानपत्राची जाड घडी, वर झाकण. कागद कचऱ्याबरोबरच मातीत जातो. रविवारचा प्रश्न अवघड, म्हणजे मासळीचा. कोलंबीची सालं आणि बांगड्याची डोकी कागदात गुंडाळून सकाळपर्यंत फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी. बायकोने आधी नाक मुरडलं, मग म्हणाली की रात्रीचा वास तरी गेला. मासळी आणायला स्टीलचा डबा नेतो. कोळणीला डब्याची अडचण नसते, ती वाटा लावते, वाटा डब्यात ओतला की झालं. अडचण चिकनवाल्याकडे, किराणावाल्याकडे. लहानपणी तेलाच्या दुकानात आधी बरणीचा धडा करायचे, म्हणजे रिकाम्या बरणीचं वजन बाजूला काढायचे, आणि मग तेल ओतायचे. आताच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ते एका बटणाचं काम आहे, पण ते बटण दाबायला सांगितलं की मागची रांग सुस्कारे टाकते.

सॅनिटरी पॅड, डायपर वेगळे, कागदात गुंडाळून, वर लाल खूण. हे ओल्यात टाकायचेच नसतात, पिशवी असो वा नसो. खजिनदारांनी मागे सुचवलेल्या ‘मक्याच्या पिशव्या’ मी पाहिल्या आहेत. त्या विरघळतात हे खरं, पण कंपोस्टच्या मोठ्या प्लँटमधल्या उष्णतेत. आपल्या ड्रममध्ये त्यांना बराच काळ फडफडत राहावं लागेल, आणि गाठ तर त्यांनाही मारावीच लागते.

ड्रमवरून आठवलं. पंप रूमशेजारी खताचे दोन हिरवे ड्रम सोसायटीच्या पैशाने घेतलेले आहेत. सध्या एकात गणपतीच्या मांडवाच्या झिरमिळ्या आहेत आणि दुसऱ्यात काय आहे ते बघायचं धाडस मी केलेलं नाही. ते बंद का पडले, तर माळीदादा म्हणाले, ‘रोज ऐंशी गाठी कोण सोडणार?’ त्यांनी गाठींसकट ड्रममध्ये टाकून पाहिलं होतं. दोन महिन्यांनी खताऐवजी चिंध्या निघाल्या. म्हणजे वास टाळायला आपण पिशवी बांधतो, पिशवीमुळे ड्रम बंद पडतो, ड्रम बंद म्हणून सगळा कचरा गाडीची वाट बघत गेटपाशी बसतो, आणि वास येतो म्हणून नवी नोटीस निघते.

२०१६ च्या घनकचरा नियमांचा हवाला नोटिशीत दिला आहे. त्यांच्या जागी २०२६ मध्ये नवे नियम आले, पण ते जुने मीही वाचले. ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत कचरा वेगळा करून योग्य डब्यांत ठेवा, असं तिथे रहिवाशांना सांगितलं होतं. डब्यांत. ओलं पिशवीत बांधा असं मला त्यात कुठेही सापडलं नाही. सचिव साहेबांना सापडलं असेल तर कलम दाखवावं, मी जाहीर माघार घेईन.

मागणं थोडंच आहे. ‘पिशवीत भरूनच’ या शब्दांऐवजी ‘झाकणाच्या बादलीत किंवा पिशवीत’ असं करा. ज्यांना पिशवी हवी त्यांनी बांधावी, निदान एकेरी गाठ मारावी आणि काच-ब्लेड तरी आत टाकू नये. आणि एक ड्रम मला द्या. सी विंगच्या ज्या घरांना बादली चालेल त्यांचं ओलं मी त्यात घालीन, सुका पाला टाकीन, दर तीन दिवसांनी परतीन. तीन महिने. वास आला तर समितीने येऊन नाकाने ठरवावं आणि ड्रममध्ये पुन्हा झिरमिळ्या भराव्यात, मी हरकत घेणार नाही.

तोपर्यंत दंड चालू ठेवायचा असेल तर माझी एकच विनंती: पावती द्यावी, आणि पावतीवर कारण पूर्ण लिहावं, ‘ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत न बांधल्याबद्दल’. ‘इतर शुल्क’ असं मोघम नको. या महिन्याच्या मेंटेनन्सच्या चेकबरोबर शंभर रुपये वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. पाकीट कागदी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सी विंग, पाचवा मजला

ता. क.: नोटीस लागली त्याच्या आदल्या गुरुवारी लिफ्टमध्ये सांडलेलं पाणी आमच्या बादलीचं नव्हतं. सोमवारचं मात्र आमचंच. घाईत चाळणी राहिली होती. मी पुसून काढलं होतं, पण बी विंगच्या आजींचा पाय घसरता घसरता राहिला असं कळलं. त्यांना आज संध्याकाळी भेटून येतो.